बाबांचा सिनेमा, वीस गुणांसाठी

आमच्या विभागात एक दुष्ट पद्धत आहे. पेपर तपासून आला की ज्याचा त्याने फळ्यापाशी जायचं, त्यावर लाल शाईत जे काही लिहिलं असेल ते सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि मग घरी जाऊन 'या अभिप्रायातून मी काय शिकलो' असं एक पान लिहून आणून द्यायचं. ही पद्धत ज्या सरांनी काढली त्यांना आम्ही कात्री म्हणतो. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही. ते पान मी देऊन टाकलं. त्यात मी फार नम्र आहे आणि पुष्कळ काही शिकले आहे. हे दुसरं पान, ते कुणाला द्यायचं नाही, त्यामुळे इथे नम्रपणाचं नाटक नको.

विषय होता 'चित्रपट उद्योग'. प्रश्न होता की अमुक एक चित्रपट का पडला ते स्पष्ट करा, गुण वीस. आणि माझ्या उत्तराखाली सरांनी लिहिलं होतं ते असं:

"हे उत्तर दिग्दर्शकाच्या वकिलाने लिहिल्यासारखं आहे. चित्रपट का पडला असं विचारलं होतं, चित्रपट किती बिचारा होता असं नव्हे. वितरकाने दगा दिला, असं म्हणता. स्रोत? चित्रपटगृहांनी फक्त सकाळचे खेळ दिले, असं म्हणता. स्रोत? नायिकेच्या अभिनयाबद्दल अवाक्षर नाही. एकाच प्रसंगात तिच्या हातातला चहाचा कप डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे उड्या मारतो, आणि प्रेक्षक 'डावा! उजवा!' असं ओरडत असत. या चित्रपटाची लोकांना आठवणारी एवढी एकच गोष्ट आणि नेमकी तीच तुम्हाला ठाऊक नाही. बाईंना घरी पाठवून नुसता कप ठेवला असता तरी चाललं असतं. नापास."

वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरचा एक जण 'डावा!' म्हणाला, दुसरा 'उजवा!' म्हणाला. मीही हसले. करणार काय? त्या बाई म्हणजे माझी आई आणि तो दिग्दर्शक म्हणजे माझे बाबा.

वर्गात हे कुणालाच माहीत नव्हतं. पडद्यावर दोघांनीही टोपणनावं लावली होती आणि त्यानंतर दोघांचीही नावं कुठे लागायचा प्रश्नच आला नाही. आज बाबा एका फोटो स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढतात. समोर बसलेल्या माणसाला नुसतं सरळ बघायचं असतं, पण बाबा त्याला "चेहऱ्यावर काही आणू नका, आतून विचार करा" असं सांगतात. गिऱ्हाईक कावरंबावरं होतं आणि फोटो परत काढावा लागतो. आई एका दातांच्या दवाखान्यात बसते, पेशंटना नंबर देते.

सत्राच्या सुरुवातीला अभ्यासाला नेमलेल्या चित्रपटांची नावं लागली आणि त्यात बाबांचा सिनेमा निघाला. मी मूर्खासारखं ते घरी सांगितलं. बाबा खुर्चीतून उठलेच. "अभ्यासाला लावलाय? कॉलेजात?" मी म्हटलं, "बाबा, 'अपयशाचा अभ्यास' असा विभाग आहे, त्यात लावलाय." ते त्यांच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. स्टुडिओच्या मालकाला सांगितलं, खालच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. "शेवटी दखल घ्यावी लागली!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझं डोकं उठलं.

प्रश्न आधीच दिलेला होता, त्यामुळे परीक्षेत लिहायचं उत्तर त्यांनी मला सांगून लिहून घेतलं. रोज जेवण झालं की टेबल पुसायचं आणि बसायचं. मी खाली मान घालून लिहायचे, ते खोलीत फेऱ्या मारत सांगायचे. सगळं खापर काकांवर. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तेच सिनेमाचे वितरक होते. सिनेमा कुठे लावायचा, किती खेळ करायचे, हे सगळं त्यांच्या हातात. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे काकांनी आतून दुसऱ्याच कुणाशी हातमिळवणी केली आणि सख्ख्या भावाचा गळा कापला. सिनेमा पडला त्या आठवड्यापासून बाबा त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी काकांना फक्त फोटोत पाहिलंय. मागच्या वर्षी ते गेले. निरोप आला तेव्हा बाबांनी "बरं" म्हटलं, डबा घेतला आणि स्टुडिओत निघून गेले.

तर त्या अभिप्रायाच्या दिवशी मी घरी आले ती पेटलेलीच. या पेपरात दुसऱ्यांदा नापास झालं की अभ्यासक्रमातून नाव कमी होतं, सरळ घरी. मला एडिटिंगला जायचंय. माझ्यासमोर दुसरं काही नाही, आणि बाबांच्या रडगाण्यापायी ते जाणार होतं. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातच उभं राहून सगळा अभिप्राय वाचून दाखवला, वर्गात वाचला त्याहून मोठ्याने. 'नुसता कप ठेवला असता' हेसुद्धा गाळलं नाही. आई समोर होती तरी गाळलं नाही. कुणाला तरी लागावं असंच मला वाटत होतं.

आई हसली. चांगली तोंडावर हात ठेवून हसली. "डावा, उजवा! अजून आठवतं का लोकांना?"

बाबा मात्र लालबुंद. "हा माणूस जळतो माझ्यावर. मी येतो कॉलेजात, बघतो त्याला."

"तुम्ही कॉलेजात पाऊल टाकलंत ना बाबा, तर मी त्या दिवसापासून घरात पाऊल टाकणार नाही."

"मग फेरपरीक्षेत हेच लिहायचं. आणखी ठासून. माघार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुमचं आणि वर्ष माझं का?"

"माझी मुलगी होऊन तू त्या लोकांच्या बाजूने लिहिणार?" बाबांचा आवाज चिरकला. "लिही. एवढंच राहिलं होतं." आणि ते बाल्कनीत जाऊन पाठ करून उभे राहिले. बाबांना सगळ्यात चांगलं काय येतं, तर पाठ करून उभं राहायला.

म्हणजे आता असं होतं. पास व्हायचं तर बाबांचा सिनेमा वाईट होता हे लिहायचं आणि आई वाईट होती हेही लिहायचं. नाही लिहिलं तर नाव कमी. आणि काहीही लिहिलं तरी पेपर परत आला की बाबा तो मागणार, कारण पहिलीपासूनचा माझा एकही पेपर त्यांनी वाचल्याशिवाय सोडलेला नाही.

फेरपरीक्षेच्या आधीच्या रविवारी बाबा स्टुडिओत गेले होते. मी लॅपटॉपवर सिनेमा लावून बसले. तो मी याआधी पुरता कधी पाहिलाच नव्हता, लाजेने. आई कपड्यांच्या घड्या घालता घालता येऊन शेजारी बसली. पडद्यावर ती तरुण होती आणि इतकी वाईट होती की मला बघवेना. वाक्य संपायच्या आत मान वळवते. रडायच्या ठिकाणी नाक खाजवते. मग तो चहाचा प्रसंग आला. कप डाव्या हातात. सिनेमातला नवरा बोलतो. कप उजव्या हातात. पुन्हा नवरा. कप डाव्या हातात.

"थांबव," आई म्हणाली. मी थांबवलं. "इथे बदलला. आधीच्या शॉटमध्ये बशी पण नव्हती, बघ."

"कळतंय मला आई. चूक आहे ती."

"चूक कसली? मी काय आंधळी होते? लग्नाआधी माझं कामच ते होतं."

ते मला माहीत होतं. आई सेटवर कंटिन्युइटी बघायची. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या दिवशी घेतात, तेव्हा कुठल्या वाक्याला कप कुठल्या हातात होता, केस कानामागे होते की पुढे, हे ध्यानात ठेवणारा एक माणूस लागतो. नाहीतर तुकडे जुळत नाहीत. आईला अजून सगळं ध्यानात राहतं. दवाखान्यात कुठल्या पेशंटने मागच्या खेपेला कुठला सदरा घातला होता ते ती सांगते.

"मी मुद्दाम केलं," आई म्हणाली. तिने टॉवेलची घडी घातली आणि बाजूला ठेवली. "सगळं. एकूण एक शॉट. मला नव्हतं करायचं. मी ह्यांना सांगितलं होतं, मला कॅमेऱ्यासमोर उभं करू नका, मला माझं काम करू द्या. नाटकातली एक मुलगी निवडलेली होती, फार चांगली होती. ह्यांनी मला न विचारता जाऊन सगळ्यांना सांगून टाकलं की माझ्या सिनेमात माझीच बायको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हटलं, ठीक आहे. दोन दिवस असं काम करते की एकाला एक शॉट जुळणार नाही. वैतागतील, मला काढतील, त्या मुलीला परत आणतील."

"मग?"

"मग काय! प्रत्येक शॉटनंतर म्हणायचे, 'वा! किती सहज!' माझ्या जागी कंटिन्युइटीला जी पोरगी होती तिने दोनदा सांगितलं, सर, कप चुकतोय. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिला घरी पाठवलं. मग मी पण चेव आल्यासारखं केलं. म्हटलं बघू तरी कधी दिसतंय ह्यांना. शेवटच्या दिवसापर्यंत नाही दिसलं."

"प्रेमाने आंधळे झाले असतील," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"प्रेम? छे गं. बघतच नव्हते. कॅमेरा माझ्याकडे होता आणि ह्यांना त्यात स्वतःच दिसत होते."

"आणि काका?"

"भाऊजींनी सगळे खेळ दिले होते. सकाळचा, दुपारचा, रात्रीचा, चांगल्यातल्या चांगल्या थिएटरांत. हातापाया पडून मिळवले होते. दुसऱ्या दिवशी थिएटरवाल्यांनीच काढून टाकला. लोक पडद्यासमोर येऊन 'डावा, उजवा' करत नाचत होते."

"आणि तू इतकी वर्षं मूग गिळून बसलीस?"

"ह्यांना कुणावर तरी खापर फोडायचंच होतं. भाऊजी नाहीतर मी. मी म्हटलं, भाऊजी." हे तिने नंबर द्यावा तसं सांगितलं. ही बाई रोज सकाळी माझी वेणी घालून द्यायची. मला तिची भीती वाटली, खरंच सांगते, आणि तितकंच हायसंही वाटलं, कारण मला माझं उत्तर मिळालं होतं.

"हे मी लिहिलं तर?"

"लिही की. पास हो. माझं खरं नाव घालू नको म्हणजे झालं."

"आणि बाबांनी वाचलं तर?"

आईने उरलेले कपडे उचलले. "वाचू देत," ती म्हणाली आणि आत गेली.

सरांचेच मुद्दे त्यांना परत लिहून दिले असते तरी मी कशीबशी पास झाले असते. अभिनय कमकुवत, पटकथा ढिसाळ, प्रसिद्धी नाही, वगैरे पोपटपंची. घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण सरांनी माझे वाभाडे काढले होते, आणि बाबांनी माझ्या वर्षाचं वाटोळं करून वर मलाच बोल लावला होता. मला नुसतं पास व्हायचं नव्हतं. मी सगळं लिहिलं. काढून टाकलेल्या पोरीचंसुद्धा लिहिलं. कॅमेऱ्यात ह्यांना स्वतःच दिसत होते, हे आईचं वाक्य सरांना आवडेल हे मला ठाऊक होतं, म्हणून ते मी उत्तराच्या शेवटी टाकलं. आणि स्रोत म्हणून खाली लिहिलं, 'नायिकेची प्रत्यक्ष मुलाखत.' लिहिताना माझा हात एकदाही अडखळला नाही.

या वेळचा अभिप्राय सरांनी मला वाचू दिला नाही, स्वतःच वाचला. "उत्कृष्ट. निर्दय. कुठेही दयामाया न दाखवता कारणापर्यंत पोचलेलं उत्तर." वर्गाने टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, पुढच्या प्रत्येक वर्गाला आता हा चित्रपट या उत्तरासकट दाखवायचा. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या बाई तुम्हाला भेटल्या कुठे हो? मी बरीच वर्षं शोधतोय."

"दातांच्या दवाखान्यात," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

त्या संध्याकाळी बाबा माझ्या आधी घरी आले होते. आई टेबलापाशी भाजी चिरत होती. बाबा दारातच उभे, हात पुढे करून. आमच्यात दोन आठवडे धड बोलणं नव्हतं, पण पेपर म्हटल्यावर त्यांना राहवेना. "दाखव, त्या माणसाने काय दिवे लावलेत." पेपर हरवला, जमा करून घेतला, काहीही सांगता आलं असतं. मी दप्तरातून काढला आणि दिला. एकदा तरी त्यांनी समोर काय आहे ते बघावं, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

त्यांनी आधी गुण पाहिले. "अरे वा!" म्हणाले. मग टेबलापाशी बसले, चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहिलं पान त्यांनी भराभर वाचलं. दुसऱ्या पानावर हळू झाले. मग पहिलं पान परत काढलं. आईच्या सुरीचा आवाज चालूच होता.

वाचून झाल्यावर त्यांनी पेपर नीट टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून हसले. "रचलंस ना हे? मार्कांसाठी? हुशार आहेस. त्याला असलंच काहीतरी चमचमीत पाहिजे होतं, दिलंस तू." ते माझ्या 'हो'ची वाट बघत होते. नुसती मान हलवली असती तरी त्यांना पुरलं असतं. आईचा हात थांबला होता.

"नाही बाबा," मी म्हणाले. "रचायला मला कुठे येतं? ते तुमचं काम."

बाबांनी आईकडे पाहिलं. "अगं, काय म्हणतेय ही?"

"बरोबर म्हणतेय," आई म्हणाली.

मला वाटलं आता ते ओरडतील, सिनेमाबद्दल, त्या नाटकातल्या मुलीबद्दल काहीतरी विचारतील. त्यांनी सिनेमाचं नावच काढलं नाही. एवढंच म्हणाले, "दादाने खरंच सगळे खेळ दिले होते?"

"हो."

"मग यायचं ना त्याने! येऊन सांगायचं ना तोंडावर. मी काय त्याच्या तोंडावर दार लावलं असतं?"

"आले होते," आई म्हणाली. "एकदा नाही, कितीदा तरी. तुम्ही आतल्या खोलीत पडून असायचात. मी दारातूनच परत पाठवलं. म्हटलं, त्यांना तुमचं तोंड बघायचं नाही. तुम्ही दोघं बोलला असतात तर सगळं बाहेर आलं असतं."

बाबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"मागच्या वर्षी फोन पण आला होता. हॉस्पिटलमधून," आई म्हणाली. आता हे सांगायची काय गरज होती? कुणी विचारलं होतं का? पण ती थांबेना. "म्हणाले, त्याला दे जरा. तुम्ही इथेच होतात, दाढी करत होतात. मी म्हटलं, घरात नाहीत."

मला आईची शिसारी आली. बाबांची कीव आली, आणि कीव येतेय म्हणून त्यांचाच राग आला. मघाशी मी मान हलवली असती तर यातलं काही झालं नसतं. मी पास झाले होते. पेपर तिथेच टेबलावर होता, त्यावर लाल शाईत 'उत्कृष्ट' लिहिलेलं होतं आणि कडेला भाजीचं पाणी लागलं होतं.

बाबा उठले. मला वाटलं बाल्कनीत जातील. ते गेले नाहीत. आईसमोर जाऊन उभे राहिले, अगदी जवळ, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता त्याचा?"

"आठवत नाही," आई म्हणाली आणि तिने पुढची भाजी चिरायला घेतली.